मुलामा नव्हे, कोफ्तगरी

खंडेनवमी जवळ आली, की ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे या बाजूच्या जुन्या मराठी घरांतून माळ्यावरच्या लांबट पेट्या खाली उतरतात. पेटीतले तेलकट फडके उलगडले जाते आणि आत गुंडाळलेली तलवार, एखादी कट्यार, क्वचित एखादा पट्टा बाहेर येतो. ज्या पूर्वजाने ती कमरेला लावली त्याचे नाव घरातील मोठ्या माणसांस ठाऊक असते. तो कोणत्या पागेत होता, कोणत्या मोहिमेत गेला, हेही ऐकून ऐकून पाठ झालेले असते. तलवारीच्या मुठीवर मात्र जी सोनेरी वेल असते, ती कोणी घातली, कशी घातली आणि त्या कामाला म्हणतात तरी काय, हे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "सोन्याचा मुलामा आहे."

आमच्या घरीही हेच उत्तर होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचे आजोबा राहत. तेव्हा आमचे वय दहा-अकरा वर्षांचे असावे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आजीने पूजेची भांडी घासावयास काढली होती. ताम्हण, पळी, समया या सर्वांना चिंच आणि विटेची बारीक भुकटी लावून आम्ही त्यांना आरशासारखे चकचकीत केले. शाबासकी मिळाली. त्या शाबासकीच्या भरात पाटावर काढून ठेवलेली तलवार आमच्या दृष्टीस पडली. मूठ काळपट झालेली, वेल मळलेली. आम्ही तीही घासावयास घेतली. एक अंग घासून झाले तेव्हा लोखंड पांढरे स्वच्छ निघाले आणि वेल निम्मीशिम्मी नाहीशी झाली. आणखी घासले तर ती उजळेल, अशा समजुतीने आम्ही आणखी घासले.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी मूठ खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि ती पुन्हा फडक्यात गुंडाळली. त्यांचे ते न बोलणे आम्हांस अजून आठवते. दसरा झाल्यावर त्यांनी एका वृद्ध शिकलगारास बोलावणे पाठविले. शस्त्रांना धार आणि झिलई देण्याचे काम त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. त्याने मूठ हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, नखाने घासलेली जागा चाचपली आणि म्हणाला, "साहब, ये मुलम्मा नहीं है, कोफ्त है. ये घिसने की चीज नहीं."

मग त्याने आम्हांस जवळ बोलावून घासलेली जागा उन्हात तिरपी धरावयास सांगितली. जेथून सोने गेले होते तेथे लोखंडावर अतिशय बारीक रेघा दिसत होत्या. काही उभ्या, काही आडव्या, काही तिरप्या; जणू मलमलीचा ताणाबाणा. आजोबांनी विचारले, "येथे पुन्हा सोने बसविता येईल का?" तो म्हणाला, येईल, परंतु त्यासाठी उरलेली सारी वेल खरवडून मुठीवर नवे काम करावे लागेल. आणि मग ही तलवार तुमच्या वडीलधाऱ्यांची राहणार नाही, माझी होईल. आजोबांनी ते काम करविले नाही.

त्या दिवशी 'कोफ्त' हा शब्द आम्ही प्रथम ऐकला. पुढे वाचनात तो मधूनमधून भेटत गेला, आणि प्रत्येक भेटीत त्या घासलेल्या मुठीवरच्या रेघा डोळ्यांपुढे आल्या. आज वाचकांपुढे ठेवीत आहोत ती या एका शब्दाची हकिकत.

शब्दाची फोड

कोफ्तगरी हा शब्द फारसी आहे. फारसीत 'कोफ्तन' म्हणजे ठोकणे, कुटणे, चेचणे. 'कोफ्त' म्हणजे ठोकलेले. 'गर' म्हणजे करणारा आणि 'गरी' म्हणजे त्याचे काम. तेव्हा कोफ्तगर म्हणजे ठोककाम करणारा आणि कोफ्तगरी म्हणजे ठोकून केलेली कारागिरी. शब्दात सोन्याचे नाव नाही, चांदीचे नाही, लोखंडाचे नाही, नक्षीचेही नाही. आहे ती केवळ हाताची क्रिया. हातोडीचा ठोका, एवढेच या शब्दाने लक्षात ठेवले आहे.

'कोफ्त' आणि आपले 'कुटणे' यांत अर्थाचे व काहीसे ध्वनीचेही साम्य आहे, म्हणून त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. 'कुटणे' हे संस्कृतातील 'कुट्ट' या धातूपासून आलेले आहे. 'कोफ्तन'ची वाट निराळी आहे. पण अर्थ मनात ठसविण्यापुरता 'कुटणे' हा शब्द जवळ ठेवावयास हरकत नाही.

'गर' हा प्रत्यय मराठीला परका नाही. सौदागर, जादूगर आणि आमच्या या हकिकतीतला शिकलगार, हे सारे त्याच घरचे. 'सैकल' म्हणजे झिलई हा अरबी शब्द. त्याला गर लागून सैकलगर झाला आणि मराठीत येता येता त्याचा शिकलगार झाला. मूळचा 'कारीगर' मात्र आपण 'कारागीर' करून टाकला आणि त्यावरून कारागिरी हा शब्द रूढ झाला. मुलूखगिरीतील 'गिरी' याहून वेगळी. तेथील 'गीर' म्हणजे घेणारा. मुलूख घेणे ती मुलूखगिरी. करणारा आणि घेणारा हे दोन निरनिराळे प्रत्यय मराठीच्या उच्चारात एकमेकांत इतके मिसळले, की आज त्यांची ओळख पटवावी लागते.

माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांना 'कोफ्त' दुसऱ्याच रूपाने परिचित असेल. एखाद्या गोष्टीचा वीट आला, मन चिडले, की तिकडील हिंदी बोलणारे शेजारी म्हणतात, "बडी कोफ्त होती है." ती कोफ्तही हीच. मनावर एकसारखे ठोके बसावेत तसा त्रास, हा त्यातला भाव. आणि स्वयंपाकघरात जो दुधीचा कोफ्ता होतो तोही याच कुळातला. मूळ कोफ्ता कुटलेल्या मांसाचा गोळा. आपल्या गृहिणींनी त्यात दुधी नि बेसन घातले, नाव मात्र कुटण्याचेच राहिले. तेव्हा मुठीवरची वेल, मनातली चिडचिड आणि पानातला कोफ्ता ही एकाच धातूची तीन लेकरे आहेत, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आंतरीच्या वाटेवर

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस आंतरी नावाचे गाव आहे. तेथे अबुल फजलची कबर आहे. १६०२ साली दक्षिणेतून आग्र्याकडे परतताना तो या परिसरात मारला गेला. आंतरीचे नाव येथे घेण्याचे कारण एवढेच, की आपल्या शब्दाचा एक जुना आणि खात्रीचा दाखला या अबुल फजलच्याच 'आईन-इ-अकबरी'त मिळतो. अकबराच्या खजिन्याशी व दागिन्यांशी संबंध असलेल्या कारागिरांची नावे सांगताना तो जरनिशान, कोफ्तगर, मीनाकार, सादाकार, शबकाकार, मुनब्बतकार अशी ओळच मांडतो आणि पुढे जरकोबही सांगतो.

या ओळीत एक गंमत दडली आहे. 'जरकोब' म्हणजे सोन्याचा वर्ख कुटणारा. यातील 'कोब' हे त्याच 'कोफ्तन' क्रियापदाचे दुसरे रूप. म्हणजे वर्ख करणारा आणि वेल घालणारा हे दोघेही ठोकणारेच. पण एक सोने ठोकून पातळ करतो आणि दुसरा तेच सोने ठोकून लोखंडात रुजवितो. एकाच क्रियापदाच्या दोन रूपांनी दोन धंद्यांच्या सीमा आखून दिल्या.

'जरनिशान' हाही समजून घेण्याजोगा शब्द. आपण 'निशान' म्हटले की खूण किंवा झेंडा समजतो. येथील निशान मात्र 'बसविणे' या क्रियेतून आलेले आहे. गादीनशीन, पडदानशीन या शब्दांत जो 'बसलेला' आहे, त्याचाच हा सोयरा. जरनिशान म्हणजे ज्यात सोने बसविले आहे ते. आणि तळघराला तहखाना म्हणतात त्यातील 'तह', म्हणजे तळ, त्याला जोडला की 'तहनिशान' होतो : तळाशी बसविलेले.

ठोकणे आणि बसविणे

तहनिशान आणि कोफ्तगरी ही दोन्ही कामे दुरून सारखीच दिसतात. काळ्या किंवा निळसर धातूवर सोन्याचांदीची नक्षी, एवढेच पाहणाऱ्याला कळते. पण कारागिराच्या दृष्टीने त्यांत पाट्यावरवंट्याचा आणि उखळमुसळाचा असावा तेवढा भेद आहे.

तहनिशानात आधी धातू कोरून खोबण करतात. खोबणीच्या कडा आतून किंचित रुंद ठेवतात, तोंड अरुंद. मग त्यात सोन्याची किंवा चांदीची तार अथवा पत्रा दाबून ठोकतात. मऊ धातू आत पसरतो आणि अरुंद तोंडातून बाहेर निघू शकत नाही. हे काम खोल असते, सोने अधिक लागते, मेहनतही अधिक. पण ते टिकते. वरून थोडे झिजले तरी खाली सोने असतेच.

कोफ्तगरीत खोबण नसते. पोलादाचा पृष्ठभाग घासून साफ केल्यावर कठीण पोलादी सुरीने त्यावर बारीक रेघा मारतात. एका दिशेने झाल्या की दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या. त्यामुळे पृष्ठभागाला डोळ्यांना सहज न दिसणारे, पण बोटाला खरखरीत लागणारे असंख्य दात फुटतात. त्यावर सुईने नक्षीची रूपरेषा काढतात. केसासारखी बारीक सोन्याची तार चिमट्याने त्या रेषेवर ठेवीत जातात आणि लहान हातोडीने हलके हलके ठोकतात. शुद्ध सोने मऊ असल्यामुळे ते त्या दातांत शिरून घट्ट धरले जाते. पाकळी किंवा पान भरावयाचे असेल तर तारेशेजारी तार लावून ठोकतात. तारा एकमेकींत मिसळून सलग पत्र्यासारख्या दिसू लागतात. नंतर वस्तू तापवितात. पोलादाला निळसर काळी झाक येते आणि सोने अधिक उठून दिसते. शेवटी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने सारे घोटतात. त्यामुळे सोने चपटे होऊन चमकू लागते आणि नक्षीबाहेरच्या उघड्या रेघा दबून जातात.

या साऱ्या प्रकारात डिंक नाही, डाक नाही, पारा नाही. मुलाम्यात सोने पाऱ्यात विरघळवून लावतात आणि उष्णतेने पारा उडवून देतात. 'मुलामा' या अरबी मूळच्या शब्दाचा अर्थच मुळी चमकविलेले, झळकविलेले असा आहे. कोफ्तगरीतील सोने केवळ ठोक्याच्या बळावर, रेघांच्या दातांत टिकून असते. थर अगदी पातळ. कपड्याच्या घर्षणाने, हाताच्या घामाने, लोखंडाच्या गंजाने ते शतकांत झिजते. विटेच्या भुकटीने अर्ध्या तासात जाते. शिकलगाराने "ये मुलम्मा नहीं, कोफ्त है" हे का सांगितले, ते आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमगले. नाव नीट माहीत असते तर वस्तू कशी हाताळावी, हेही त्या नावातच सांगितलेले होते.

बिदरची वाट

हैदराबादकडील वाचक येथे म्हणतील, की आमच्या बिदरीचे काय? त्यांचा हक्क रास्त आहे. बिदर हे पंधराव्या शतकात बहामनींची राजधानी झाले आणि तेथील नावाने ओळखली जाणारी ही कला पुढे साऱ्या दख्खनेत नावारूपास आली. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगे आणि अहमदपूर हे मराठी तालुके बिदर जिल्ह्यातच होते; भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी घरे आजही त्या जिल्ह्यात आहेत. तेव्हा बिदरी ही आपल्या शेजारची नव्हे, घरचीच म्हणावी.

बिदरी वस्तू लोखंडाची नसते. जस्तात थोडे तांबे मिसळून, साधारणपणे सोळास एक या प्रमाणात, मिश्रधातू ओततात. ओतीव वस्तू कानशीने साफ करून तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्यामुळे तात्पुरता काळा रंग येतो आणि त्यावर ओढलेली नक्षी स्पष्ट दिसते. मग नक्षी कोरून तीत चांदी बसवितात. तार बसविली तर तारकशी, पत्रा बसविला तर तहनिशान, चांदी किंचित उचललेली ठेवली तर जरनिशान, आणि अधिक उंच उठविली तर जरबुलंद. नक्षीच्या आकाराची छिद्रे पाडलेला चांदीचा पत्रा वर चढवून नक्षीच काळी दाखविली, तर तिला आफताबी म्हणतात. सर्वांत शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचे मिश्रण तापविलेल्या वस्तूवर चोळतात. जस्ताचा मिश्रधातू कायमचा काळाभोर होतो. चांदीला मात्र त्या मातीचा स्पर्शही बाधत नाही.

म्हणजे अकबराच्या कारखान्यातील जरनिशान आणि तहनिशान हे शब्द बिदरच्या कारागिरांच्या तोंडी आजही जिवंत आहेत. कोफ्तगरीला तसे भाग्य लाभले नाही. ती शस्त्रांवर वाढली आणि शस्त्रांबरोबरच तिचा पडता काळ आला.

परक्यांनी दिलेली नावे

इंग्रजांनी हे काम पाहिले तेव्हा त्यांच्याजवळ त्यासाठी एक शब्द तयार होता, 'डॅमसीनिंग'. हा शब्द सीरियातील दमास्कस शहरावरून आला. त्या शहरातून युरोपात जाणाऱ्या वस्तूंवर असे काम असे. व्यापाऱ्याने बाजाराचे नाव कलेला दिले. टी. एच. हेंडली यांनी १८९२ साली हिंदुस्थानातील या कामावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातही हाच शब्द आहे.

या नावाने एक घोटाळाही करून ठेवला. 'दमास्कसचे पोलाद' म्हणून जे प्रसिद्ध आहे, ज्याच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी रेखा दिसते, त्यात सोनेचांदी मुळीच नसते. ती रेखा पोलादाच्या अंगचीच. असे पोलाद करण्यास योग्य लोखंडाच्या वड्या दक्षिण हिंदुस्थानातून पश्चिमेस जात. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनसमुद्रम हे त्यांचे एक नावाजलेले ठिकाण. त्या लहरींना फारसीत 'जौहर' म्हणत. आपले 'जवाहीर' हे त्याच शब्दाचे अनेकवचन. तेव्हा जौहर ही पोलादाच्या पोटातली नक्षी आणि कोफ्त ही वरून ठोकलेली. दमास्कस या एका नावाखाली इंग्रजीने दोन्ही एकत्र कोंबली.

गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांनी तो घोटाळा टाळला. त्यांच्या भाषेत या कामाला 'ताउशीया' म्हणतात. हा शब्द त्यांनी अरबीतून घेतला. 'तौशिया' म्हणजे रंगविणे, सजविणे. स्पेनवर व पोर्तुगालवर अरबांचे राज्य होते तेव्हा कारागिरी आणि तिचे नाव ही दोन्ही तेथे गेली. स्पॅनिशमध्ये, इटालियनमध्ये आणि जर्मनमध्येही त्याच अरबी शब्दाचे वंशज आहेत.

इंग्रजी नाव बाजाराचे, पोर्तुगीज नाव शोभेचे आणि आपल्याकडचे नाव हाताचे. विकणाऱ्याने गावाचे नाव लक्षात ठेवले, पाहणाऱ्याने सजावटीचे. ज्याने हातोडी धरली त्याने ठोक्याचे. या तिन्हींत सर्वांत खरे नाव कोणते, हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही आमचे मत आधीच सांगून बसलो आहोत.

तलवारी म्यानात गेल्यावर

तलवारीची मूठ, परज, पात्याचा वरचा भाग, ढालीची फुले, कट्यारीची पकड, चिलखताच्या पट्ट्या, हे कोफ्तगराचे क्षेत्र. मराठ्यांच्या वापरातील 'फिरंग' ही सरळ पात्याची तलवार. तिचे पाते बहुधा युरोपातून आलेले असे, पण मूठ येथील आणि मुठीवर वेल असेल तर तीही येथील. दूरचे पाते आणि घरची मूठ यांची अशी सोयरीक अनेक घरांतील पेट्यांत आजही पाहावयास मिळेल.

१८४९ साली पंजाब इंग्रजांकडे गेला. सियालकोट आणि गुजरात येथील कोफ्तगरांचे आश्रयदाते एका फटक्यात नाहीसे झाले. हे गुजरात म्हणजे बडोद्याचे गुजरात नव्हे. आज पाकिस्तानात असलेले पंजाबातील एक शहर. १८५७ नंतर ठिकठिकाणी लोकांकडून शस्त्रे काढून घेण्यात आली आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. संस्थानांत दरबारी शस्त्रांना काही काळ मागणी राहिली, म्हणून उदेपूर, जयपूर, अलवर अशा ठिकाणी ही कला तग धरून राहिली. बाकीच्यांनी हातोडी तीच ठेवून वस्तू बदलली. तलवारीऐवजी पेट्या, तबके, कलमदाने, अडकित्ते, कागद कापावयाच्या सुऱ्या यांवर वेली उमटू लागल्या. प्रदर्शनांतून साहेबलोक त्या विकत घेत. ज्याचे बोट पूर्वी योद्ध्याच्या मुठीसाठी राबे, ते आता टेबलावरच्या शोभेसाठी राबू लागले. पोट भरले, मात्र घराघरांत जो शब्द होता तो हळूहळू दुकानात गेला आणि दुकानातून तो संग्रहालयातील पाटीवर गेला.

तरीही ही कथा शोकान्त नाही. उदेपूरला शिकलगार घराण्यांत हे काम आजही चालते, आणि २०२३ साली तेथील कोफ्तगरीला भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद मिळाली. बिदरीला अशी नोंद २००६ सालीच मिळाली होती. २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. पाहावयाचे असेल त्यांनी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील शस्त्रागार किंवा ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा येथे सवडीने जावे. काचेपलीकडील मूठ पाहताना एवढेच पाहावे : सोन्याच्या कडेला खोबणीची स्वच्छ रेषा आहे, की झिजलेल्या जागी बारीक आडव्याउभ्या रेघा डोकावतात? पहिले दिसले तर तहनिशान, दुसरे दिसले तर कोफ्त.

घरातील वस्तूंविषयी

ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून हा लेख संपवितो. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, विटेची भुकटी, पॉलिश कागद यांतील काहीही कोफ्ताच्या कामाला लावू नये. मऊ कोरड्या सुती फडक्याने हलके पुसावे आणि यंत्राला घालतात त्या पातळ तेलाचा हात फिरवावा. खंडेनवमीला गंध, कुंकू, फुले अवश्य वाहावीत. पण पूजा झाल्यावर ओल राहू देऊ नये, पुसून तेलाचे बोट लावूनच वस्तू गुंडाळावी. बिदरीलाही चकचकीत करण्याच्या औषधांनी घासू नये. तिचे काळेपण हेच तिचे सौंदर्य, आणि तेलाच्या हाताने ते खुलते. गंज चढला असेल तर घरी उपाय न करता जाणकाराला दाखवावे.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांना नाव सांगावे. मराठी मुलुखापासून दूर राहिलेल्या आपल्या घरांतून पूर्वजांचे पराक्रम आपण आवर्जून सांगतो, सांगावेतही. पण ज्या हाताने ती मूठ घडविली त्याचा धर्म कोणता, गाव कोणते, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याने आपले नावही तेथे घातले नाही. त्याच्या कामाचे नाव तेवढे मागे राहिले आहे. तेही आपण 'मुलामा' म्हणून पुसून टाकले, तर त्याचे काहीच उरत नाही.

आजोबा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तलवार आमच्याकडे आहे. खंडेनवमीला ती पाटावर ठेवतो तेव्हा आमची नातवंडे वेल असलेली बाजू वर करतात. ती दिसावयास चांगली. आम्ही ती उलटी करून घासलेली बाजू वर ठेवतो, खिडकीपाशी नेऊन तिरपी धरतो आणि त्या रेघांवरून त्यांचे बोट फिरवितो. खरखर लागते. "हे काय आहे?" असे ती विचारतात. आम्ही सांगतो, "येथे सोने होते. तुमच्या आजोबांनी घासून काढले. याला म्हणतात कोफ्तगरी."